कोंडीरामचा बिनकोटाचा फोटो

परळच्या त्या गल्लीत धम्मपालच्या दुकानावर अजून ‘प्रज्ञा फोटो स्टुडिओ’ हीच पाटी आहे. खाली मागाहून रंगवलेली ओळ: ‘सीसीटीव्ही कॅमेरे बसवून व दुरुस्त करून मिळतील.’ रंगाऱ्याने वरची पाटी पुसू का म्हणून विचारलं, तर धम्मपाल म्हणाला, राहू दे, ती तुझं काय खाते. ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले आणि फोटो काढायला दुकानात येणारं माणूस संपलं. पोटापाण्यासाठी तो वायरींची भेंडोळी घेऊन शिडीवर चढायला शिकला. पन्नाशीत शिकला, म्हणून गुडघे अजून कुरकुरतात.

स्टुडिओच्या दिवसांत त्याचं मोठं काम असायचं ते गेलेल्या माणसांचं. घरात कोणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नातलग यायचे. हातात कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो, आणि त्यात कडेला, कोणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारा अर्धा चेहरा. धम्मपाल तो चेहरा उचलायचा, मोठा करायचा, राहिलेला कान स्वतःच्या हाताने काढायचा आणि शेवटी अंगात कोट-टाय घालायचा. आधी ब्रशने, पुढे कॉम्प्युटरवर. त्याच्याकडे असे अकरा कोट होते, त्यातले सात निळे. निळेच का, हे त्या वस्तीत कोणी विचारत नाही. आसपासच्या चाळींतले निम्मे आजे-पणजे आज धम्मपालच्या कोटात भिंतीवर बसलेत. जिवंतपणी त्यातल्या एकाच्याही अंगाला कोट लागला नव्हता, पण तेवढा मान मेल्यावर तरी मिळावा असं धम्मपालला मनापासून वाटे.

याच कोटावरून त्याचं आणि कोंडीरामचं कधी जमलं नाही. म्हणजे जमायचं सगळं. चहा रोज एकत्र, विहारात शेजारी-शेजारी, फक्त फोटोचा विषय निघाला की कोंडीराम उठायचा. उमेदीची वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर गेली, गिरणी बंद पडल्यावर तो एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाला. धम्मपाल म्हणायचा, “दादा, एकदा बसा दुकानात. पैसे नको मला.”

“कशाला? आयुष्यभर बनियनवर साचा चालवला, मग लिफ्टची खाकी घातली. मेल्यावर मला साहेब करणार काय तू? तुझा कोट तुझ्यापाशी ठेव.”

वीस वर्षं हेच. लग्नात फोटोवाला आला की कोंडीराम भाताचं पातेलं उचलून आत जायचा. मुलीच्या, नम्रताच्या नर्सिंगच्या पदवीदानाला सगळं घर फोटोत आहे, कोंडीराम मात्र नाही, कारण फोटो काढायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. त्यातही सगळ्यांचे पाय कापले होते.

तो कोंडीराम एका बुधवारी सकाळी फिरायला गेला आणि मैदानाच्या बाकावर बसल्याबसल्या गेला. वय एकाहत्तर. धम्मपाल खांदा द्यायला होता. नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी त्याला नम्रताचा फोन आला.

“धम्मपालकाका, घरचा कॅमेरा फोटो सेव्ह करत नाहीये. परवा रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन आहे आणि घरात त्यांचा एक धड फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ते ओळखूच येत नाहीत. कॅमेऱ्यात ते दिसतात, पण फोटोचं बटण दाबलं की ‘सेव्ह झाला नाही’ येतं. मी कंपनीला फोन केला, ते म्हणाले कार्ड फॉरमॅट करा.”

“केलंस?”

“करतच होते. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.”

“कशाला हात लावू नको. मी आलोच.” दुकानाचं शटर अर्धं ओढून धम्मपाल चप्पल पायात सरकवून तसाच निघाला. फॉरमॅट म्हणजे कार्ड धुऊन पुसून कोरं करणं. फोटो राहिला बाजूला, माणूसच पुसला गेला असता.

कॅमेरा वर्षापूर्वी त्यानेच बसवला होता. कोंडीरामची बायको सुंदराबाई मोरीत घसरून पडली, गुडघा गेला, आणि पुण्यात एका दवाखान्यात नर्स असलेल्या नम्रताच्या जिवाला घोर लागला. दहा बाय बाराची खोली. कपाटाच्या वर कॅमेरा ठेवला की दार, कॉट, ओटा सगळं एका नजरेत येई. मुख्य अ‍ॅप कोंडीरामच्या फोनवर, नम्रताच्या फोनवर नुसतं चालू चित्र दिसण्याची सोय. कोंडीरामने तेव्हा विचारलं होतं, “यात राहतं का रे सगळं?” धम्मपाल शिडीवर होता, तोंडात स्क्रू होता. तो म्हणाला, “राहतं दादा, सगळं राहतं.” धंद्यातला माणूस म्हणतो तसं म्हणाला. खरं म्हणजे त्या कार्डात अकराच दिवस मावायचे. बारावा उजाडला की पहिला पुसला जायचा.

हे त्याला आता चाळीचा जिना चढताना आठवलं.

घरात सुंदराबाई कॉटवर पाय लांब करून बसली होती. नम्रताने कोंडीरामचा फोन पुढे केला. धम्मपालने पहिलं काम केलं ते रेकॉर्डिंग थांबवायचं, म्हणजे जुनं आणखी पुसलं जाणार नाही. मग तारखा बघितल्या. कोंडीरामच्या दोनच सकाळी शिल्लक होत्या. मंगळवार, आणि तो बुधवार.

“स्क्रीनशॉट काढून बघितलास?”

“काढला. मोठा केला की चेहऱ्याचे नुसते ठोकळे होतात. वर तारीख-वेळ कपाळावरच येते.”

धम्मपाल दुरुस्तीला बसला. दहातल्या नऊ वेळा फोन भरलेला असतो, सुप्रभातच्या फुलांनी. कोंडीरामचा फोन रिकामा ढण्ण होता. त्या माणसाने एक फूलसुद्धा साठवलं नव्हतं. कार्ड बघावं तर रेकॉर्डिंग व्यवस्थित उमटलेलं, म्हणजे तेही ठीक. अ‍ॅप काढून पुन्हा टाकता आलं असतं, पण पासवर्ड कोंडीराम आपल्याबरोबर घेऊन गेला होता. बुधवारची सकाळ लावून त्याने पुन्हा बटण दाबलं. ‘सेव्ह झाला नाही.’

“आवाज का नाही याला?” त्याने विचारलं.

“बंद केलाय मी,” नम्रता म्हणाली. “भेटायला माणसं येत होती, फोन वाजत राहायचा.”

आवाजातही दोष आहे का, हे बघावं म्हणून धम्मपालने तो वाढवला. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पडद्यावर पावणेसहा वाजले होते. कोंडीराम मोरीतून आला, टॉवेलने कान पुसले, पांढरा शर्ट चढवला, खिशाला पेन लावलं. दाराकडे न जाता कपाटासमोर आला, कॉलर सारखी केली आणि मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभा राहिला. वीस वर्षांत धम्मपालसमोर एकदाही जो असा उभा राहिला नव्हता, तो.

“नमू,” फोनमधून आवाज आला. खोलीतले तिघेही दचकले. “आईने गोळी घेतलीय. पाणी भरून झालंय. रात्री गुडघा फार नाही दुखला तिचा. मी आता फिरून येतो. तू ड्युटीवर असशील, लगेच बघत बसू नको. सवडीने बघ. राहतंय ना सगळं यात.”

मग तो चप्पल घालून गेला.

नम्रताने फोन ओढून घेतला आणि मंगळवार लावला. तोच शर्ट, तीच कॉलर. “नमू. आईने गोळी घेतलीय. पाणी आज उशिरा आलं, पण भरलंय…”

“आई, हे रोज होतं?”

“रोजच,” सुंदराबाई म्हणाली. “वरीस झालं. मला वाटायचं तू ऐकतेस.”

नम्रता खाली फरशीवर बसली. ती सांगू लागली तेव्हा आवाज अगदी साधा होता, ड्युटीवर रिपोर्ट देतात तसा. कॅमेरा पडदा हलला तरी फोनवर सूचना पाठवायचा. मांजर आलं, सूचना. दिवसाला चाळीस-चाळीस. दुसऱ्याच आठवड्यात तिने त्या बंद करून टाकल्या. हॉस्टेलवर परतली की एकदा उघडून दोघं जागेवर आहेत ना तेवढं बघायची, तेही आवाज बंद करून, कारण खोलीत बाकीच्या मुली झोपलेल्या. “वर्षभर ते माझ्याशी बोलले काका. मी एक दिवस ऐकलं नाही. आता तरी मागचं ऐकता येईल ना?”

“नाही येणार, बाळा,” धम्मपाल म्हणाला. “अकरा दिवसांच्या मागचं राहत नाही. दादांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं सगळं राहतं. खोटं बोललो असं नाही, पण खरंही सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

सुंदराबाईने कॉटवरून हात लांब करून मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि धम्मपालला म्हणाली, “भाऊ, तुम्ही फोटोचं बघा.” त्या बाईने त्याला माफ केलं की कामाला लावलं, हे त्याला कळलं नाही. तो कामाला लागला.

शेवटी ते सापडलं फोनच्या सेटिंगमध्ये. कुठलं अ‍ॅप काय वापरू शकतं त्याची यादी असते, ती त्याने उघडली आणि त्या तसल्या वेळीही त्याला हसू आलं. संपर्क: परवानगी नाही. लोकेशन: परवानगी नाही. फोटो: परवानगी नाही. खालपर्यंत सगळं नाही, नाही, नाही.

याला कारण होतं. थंडीत विहारात ऑनलाइन फसवणुकीवर एक व्याख्यान झालं होतं. बोलायला आलेल्या तरुणाने बजावलं होतं की मोबाईल काहीही विचारो, बिनधास्त ‘नाही’ दाबा. पहिल्या रांगेत कोंडीराम होता, आणि गिरणीतला माणूस सांगितलेलं काम अर्धवट ठेवत नाही. पुढे कधीतरी अ‍ॅप अपडेट झालं, फोनने विचारलं, फोटो साठवायची परवानगी द्यायची का? कोंडीरामने अंगठा ठेवला ‘नाही’वर. कॅमेरा त्याच्या शब्दाबाहेर कसा जाणार?

“बस, एवढंच,” धम्मपाल म्हणाला. “इथे ‘हो’ केलं की झालं.” पण त्याचं बोट तिथेच थांबलं. वीस वर्षं ज्या माणसाने तोंडावर नाही सांगितलं, त्याचं हे शेवटचं नाही होतं, आणि तो उलटून बोलायला आता नव्हता. त्याने फोन सुंदराबाईकडे दिला. “वहिनी, त्यांनी नाही म्हटलंय. तुम्ही सांगाल तसं.”

सुंदराबाईने चष्मा लावला. वाचता तिला बेताचंच येत होतं, पण ‘नाही’ ओळखू आलं.

“त्यांनी नाही म्हटलं ते मोबाईलला,” ती म्हणाली. “पोरीसमोर तर रोज जाऊन उभे राहत होते. कुठं दाबू?”

धम्मपालने दाखवलं, तिने दाबलं. मग बुधवारची सकाळ परत लावली. कुठे थांबवायचं हे मात्र धम्मपालने ठरवलं. ती विद्या अजून कोणा अ‍ॅपला आलेली नाही. ‘नमू’ म्हणताना तोंड उघडं, ‘गोळी’ला डोळे मिटलेले. ‘राहतंय ना सगळं यात’ म्हणून झाल्यावर कोंडीराम एक क्षण गप्प उभा होता, उत्तराची वाट बघितल्यासारखा. तिथे त्याने बटण दाबलं. फोटो सेव्ह झाला. स्वच्छ, शर्टाच्या खिशातल्या पेनाच्या टोपणासकट.

“कोट घालणार ना?” सुंदराबाईने विचारलं. “चारचौघांत बरं दिसतं.”

“नाही वहिनी. मला बजावलेलं आहे.”

रात्रीतून त्याने फोटो मोठा केला. अकरा कोटांची फाइल उघडलीसुद्धा नाही. खरी अडचण निघाली दुसरीच. कॅमेरा कपाटावर, म्हणून फोटोतला कोंडीराम मान वर करून बघत होता. रीतीप्रमाणे भिंतीवर उंच टांगला तर तो छताकडे बघत बसला असता. शनिवारी फ्रेम घेऊन धम्मपाल गेला, खोलीत दोन-तीनदा इकडेतिकडे उभा राहिला आणि खिळा ठोकला दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, कपाटाच्या बरोबर समोर. “इतका खाली?” नम्रताने विचारलं. तो म्हणाला, “उभं राहून बघ.” ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली, तर बाबा मान वर करून थेट तिच्याकडेच बघत होते.

रविवारी वंदना झाली, माणसं येऊन फुलं वाहून गेली. दोघा-तिघांनी धम्मपालला बाजूला घेऊन विचारलं, कोट राहिला वाटतं? तो म्हणाला, राहिला नाही, नको होता. निघण्यापूर्वी त्याने जुनं कार्ड काढून कागदात गुंडाळून नम्रताच्या हातात दिलं, आणि रेकॉर्डिंग पुन्हा चालू करायला नवं घातलं. अकरा दिवसांचं. या वेळी ते सांगूनच घातलं.

मंगळवारी सकाळी धम्मपाल दुकान उघडत होता तेव्हा फोन वाजला. नम्रता पुण्याला परत गेली होती, तिने फोटो पाठवला होता. कॅमेऱ्यातला, पावणेसहाचा. सुंदराबाई काठी टेकत दारापाशी आली होती, पदर नीट केला होता, आणि फ्रेमला खांदा लावून उभी होती. ती आणि कोंडीराम, दोघंही मान वर करून बघत होते. खाली नम्रताने लिहिलं होतं, “आईने गोळी घेतलीय. मी ऐकलं.”

धम्मपालने तो फोटो सेव्ह केला आणि मग शटर वर ढकललं.