अक्कांच्या फ्रीजरमधला चीक

"अक्का होगबिट्रु," फोनवर नंजप्पा म्हणाला. अक्का गेल्या. येलहंक्याच्या पलीकडे त्याचा गायींचा गोठा आहे. डॉ. शारदाअक्का रोज कुठल्या ना कुठल्या गोठ्यावर जायच्याच, म्हणून मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "एल्लिगे?" कुठे? त्याने फक्त तेच पुन्हा म्हटलं, मागे एक गाय हंबरली आणि मग मला कळलं. त्याला आता दीड महिना झाला.

अक्का जनावरांच्या डॉक्टर. घर हेब्बाळला, कित्येक पिढ्या बंगळूरच्या, मराठीत मधूनच 'थोडं'ऐवजी कन्नड 'स्वल्प', 'बरं'ऐवजी 'सरी'. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, सुट्टीच्या दिवशी दूधधंद्याविरुद्ध पत्रकं वाटणारी. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा नंजप्पाकडे गेले ती भांडायलाच. गाय नुकतीच व्यायली होती आणि तिचा सगळा चीक कॅनमध्ये भरून खरवसासाठी निघाला होता. सोसायट्यांमधल्या लोकांना खरवस हवा असतो. वासराला चीक मिळाला का, हे एकही माणूस विचारत नाही. मी तावातावाने ओरडले, "चीक कोडी!" चीक द्या. नंजप्पाने ऐकलं 'चिक्क', म्हणजे लहान. तो निमूट आत गेला आणि त्याने ओलं वासरूच आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

अक्का हसून हसून खालीच बसल्या. "मागितलंस ना? धर आता, चिक्का!" मग त्यांनी वासराच्या तोंडात बोट घातलं आणि हसू थांबलं. तोंड गार होतं, बोट चोखत नव्हतं. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगात साठवण ती केवढी? वेळेवर चीक पोटात गेला नाही की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, आणि गार पडलं की ते चोखायचंच सोडतं. मग लोक म्हणतात, अशक्तच जन्मलं होतं. साफ खोटं! ते उपाशी असतं.

"यांच्यावर केस करायला हवी," मी म्हणाले. "कर गं, उद्या कर. आत्ता गोणपाटाने अंग चोळ त्याचं. जोरात... घोषणा देतेस तशी." त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. तोंड कोमट झालं तसं नंजप्पाने न सांगता कॅनचं झाकण उघडलं. वासरू चीक प्यायलं तेव्हा अक्कांनी माझं बोट त्याच्या तोंडात दिलं. खरबरीत जिभेची ती ओढ... तेव्हापासून माझं नाव चिक्का.

आमचं पटायचं असं नाही. त्या खरवस आवडीने खायच्या. "वासराचं पोट भरून उरतो तो खाल्ला तर तुझं काय जातं?" भांडण संपवायला हेब्बाळच्या पुलावरचा ट्रॅफिकही पुरायचा नाही. असाच उरलेला चीक त्या घरच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशव्यांशेजारी ठेवायच्या, ज्या वासराच्या आईला चीक नसेल त्याच्यासाठी.

गेल्या आठवड्यात त्यांचे भाऊ, शंकरअण्णा, म्हणाले, "फ्रीजर बंद करतो म्हणतो. एक बाटली उरलीय, खरवस करू काय?" बाटलीवर चिकटपट्टी, त्यावर अक्कांचं अक्षर : 'वासराचा. खाऊ नका.' मी म्हणाले, राहू दे अण्णा. ती बाटली संपूच नये, एवढंच वाटत होतं.

दोन दिवसांनी नंजप्पाचा फोन. व्यायलेल्या गाईची कास सुजलेली, चीक नाही, वासराचं तोंड गार. मी अण्णांकडून बाटली घेऊन निघाले. तिथल्या डॉक्टरांनी ग्लुकोज दिलं, तोवर मी बाटली पाण्यात धरून बसले. हाताला सोसेल एवढंच गरम पाणी, नाहीतर बाटलीतच खरवस होईल, हे अक्कांचं बजावणं. वासराने बोट चोखायला सुरुवात केली आणि मी हसत मागे वळले, अक्कांना सांगायला...

वासराने शेवटचा थेंबही ठेवला नाही. मला एक घोटभर ठेवावासा वाटत होता.

काल नंजप्पाने तीच बाटली दुसऱ्या गाईच्या उरलेल्या चिकाने भरून दिली. "आधी वासराला पाजला," त्याने मी विचारण्याआधीच सांगितलं. मी ती मटारशेजारी ठेवली. चिकटपट्टी तीच आहे. अण्णांनी फ्रीजर बंद केलेला नाही.