मांडवातली माझी खुर्ची

वारासिवनीपासून लांजीपर्यंत आमच्या नात्यागोत्यात कुठंही लग्न असलं की मांडवात एक खुर्ची माझी असते. पंख्यासमोरची. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की नव्या सुनांची बोबडी वळते, म्हणून त्या आदल्या दिवशीच माझ्याकडून उखाणा घेऊन ठेवतात. त्या उखाण्यांची ती खुर्ची.

शिकलो मी चौथीपर्यंत. मास्तर 'पाणी' म्हणायला लावायचे आणि माझ्या तोंडून 'पानी' यायचं. आमच्या घरी सारेच पानी पीत होते, मी एकट्यानं पाणी काहून प्यावं? मास्तरांनी कान ओढला आणि दोन्ही कान धरायला लावून बाकावर उभं केलं. मी कान सोडले आणि शाळाही सोडली. उखाणे जुळवायला शाळा लागत नाही, कान लागतो. तो मास्तरांनी ओढूनही शाबूत राहिला.

नातवानं जबलपूरकडची बायको आणली. घरात हिंदी बोलणारी, पण पोरगी चुणचुणीत. महिनाभरात मोडकं-तोडकं मराठी बोलायला लागली आणि एक दिवस माझ्यासमोर येऊन बसली.

"दादाजी, मला पण शिक्षा द्या ना. उखाण्याची."

मी पोट धरून हसलो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. आमच्या मराठीत शिक्षा म्हणजे मास्तरांनी मला दिली ती.

"देतो," म्हटलं. "मागून घेणारी तूच पहिली."

मी तिला शिकवलं. शेवटचा शब्द आधी पकडायचा, मग गाडी उलटी हाकत पहिल्या ओळीवर यायचं. नाव मधात असं बसवायचं की कोणाला ठेच लागू नये. तिला तांदूळ निवडायला बसवायचो आणि मधूनच ओरडायचो, "जिलेबी!" सुपातला हात न थांबवता तिनं जुळणारा शब्द द्यायचा. पहिले ती अडखळायची. मग मीच अडखळायला लागलो, कारण ती उलटून विचारायची, "और एक, दादाजी?"

इथून माझं डोकं फिरायला लागलं.

शेजारची एक पोरगी आली. तिचा होणारा नवरा मोबाईलच्या दुकानवाला. मी तिला दिलं, "शेतात पेरलं धान, बांधावर लावली तूर, अमुकराव जवळ असता माहेर नाही दूर." पोरीनं तोंड वाकडं केलं.

"आबाजी, त्याईच्या घरी तूर कुठं हाय?"

आतून नातसूनबाई बोलल्या, "लाइट गुल, नेट गायब, फोन पडला बंद, अमुकरावांशी बोलायचा तरी सुटेना छंद."

पोरगी नाचत गेली. त्यानंतर बाया दारात यायच्या, मला रामराम करायच्या आणि विचारायच्या, "आबाजी, सूनबाई घरी हाय का?" मी म्हणायचो, "मी पण घरीच हाव." "हौ, ते दिसून राह्यलं," म्हणत सरळ स्वयंपाकघरात.

बुढी, म्हणजे माझी बायको, सुपारी कातरत म्हणाली, "खुर्ची जाऊन राह्यली वाटते तुमची."

मी म्हटलं, बघू.

मग माझ्या लहान भावाच्या नातवाचं लग्न निघालं, लांजीला. तिथं आमच्या नातसुनेनंही सगळ्यांसमोर नाव घ्यायचं होतं. आदल्या दिवशी तिनं उखाणा मला ऐकवला.

"सासरच्या माणसांवर आहे माझी निष्ठा, अमुकरावांसंग सुखी संसाराची करते मी चेष्टा. बरोबर आहे ना, दादाजी?"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी चेहरा मास्तरासारखा केला.

"एकदम बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची जरा पुढं ओढून बसलो. ती माईकवर बोलली. हिंदीवाल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. मराठीवाल्या बायांनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग मांडव डोक्यावर घेतला. मी मनात म्हटलं, झाली हिची फजिती! पण कोणीतरी हिंदीवाल्यांना अर्थ समजावला, तेही हसत सुटले. एकाच उखाण्यावर दोनदा हशा, असा माझ्या साऱ्या जिंदगीत मला मिळाला नव्हता. "काय डोकं लढवलं सूनबाईनं!" म्हणत बाया टाळ्या वाजवू लागल्या.

चूक न सांगण्याचं डोकं माझं होतं, पण सांगणार कोणाला?

तिनं शेजारणीला अर्थ विचारला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"दादाजी, तुमको मालूम था?"

"हौ."

ती हसली आणि पुन्हा माईकवर गेली. "आता आमचे गुरुजी आजीचं नाव घेणार!"

साऱ्या मांडवानं माना माझ्याकडे वळवल्या. गावभर नावं वाटणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बायकोचं नाव उभ्या जन्मात चारचौघांत घेतलं नव्हतं. "ऐकलं का" एवढ्यावर आमचा संसार झाला. बायांच्या घोळक्यातून बुढी म्हणाली, "याईले ठाऊक तरी हाय का माझं नाव?"

आता नाही उठलो तर खुर्ची कायमची गेली. उठलो. छाती काढून पहिली ओळ टाकली, "वारासिवनीचा तांदूळ, तिरोडीची खान..."

आणि पुढं काहीच नाही. शेवटचा शब्द आधी पकडायचा, हे मीच विसरलो होतो. माईक नुसता घूं घूं करत राहिला. बुढी सुपारी चघळायची थांबली.

तेवढ्यात मागून कानाशी कुजबुज आली. "दादाजी, धरून दोन्ही कान."

"'खाण'ले 'कान' जुळत नाही," मी पुटपुटलो. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांचा 'ण' आठवला.

"तुम्ही खान म्हटलं. जुळतं."

मी बुढीचं नाव घेतलं. इथं लिहीत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे. आणि दोन्ही कान धरून म्हटलं, "...हिचं नाव घेतो, धरून दोन्ही कान!"

पुन्हा मांडव डोक्यावर. "दिली ना शिक्षा?" नातसून म्हणाली. आता कोणत्या भाषेतली, ते मी विचारलं नाही.

पहिली ओळ माझी होती, एवढं सगळ्यांना बजावून सांगत मी परत आलो. पाहतो तर पंख्यासमोर, माझ्या खुर्चीवर, पदर सावरून बुढी बसली होती.

"उठ," म्हटलं.

"नाव घेऊन सांगा," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो.