शिक्षा नाही दिली

भर हॉलमध्ये माझ्या बापाची मान खाली गेली, आणि ती खाली घालायला लावली मीच. मी स्वतः जोडलेल्या ओळी म्हणत होते:

बाप माझा मायाळू, गूळ जसा भाकरीला,
शिक्षा नाही दिली कधी त्यानं या लेकराला.

पुढे बसलेल्या पोरी “अरे रे” म्हणाल्या. कार्यक्रम चालवणारी रश्मी माईकवर म्हणाली, “सोचो ज़रा, आजींच्या वडिलांनी त्यांना शिक्षा दिली नाही, तरी आजी आज स्वतः लिहितात. जोरदार तालियाँ!” टाळ्या पडल्या. मी खुर्चीतून उठले.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, तुम्हाला कळायचं नाही म्हणून सांगते. इंदुरात शिक्षा म्हणजे शिक्षण. मला म्हणायचं होतं, बापानं कधी हात उगारला नाही. बुद्धविहारामागच्या हॉलमध्ये आम्ही महिन्यातून एकदा जमतो. कोणी स्वतःची कविता वाचतं, कोणी गातं. सगळे आपलेच मराठी, पण पोरं हिंदीत वाढलेली. आणि पोरीला शिकवलं नाही, याच्याइतका मोठा ठपका आमच्या समाजात बापावर दुसरा नाही.

मी माईक ओढून घेतला. “ए पोरी, मराठीत शिक्षा म्हणजे मार. माझ्या बापानं मला बोट लावलं नाही. उगीच त्याला नाव ठेवू नको.”

“सॉरी आजी,” रश्मी कानकोंडी झाली. हार्मोनियमवाला संजू भिया (इथे भाऊला भिया म्हणतात) मात्र गप्प बसेल तर शपथ. “वो तो ठीक है आजी, पण शिकवलं किती?”

“चौथी.”

हॉल हसला. मला हसू आलं नाही.

चौथीच्या पुढची शाळा चार मैलांवर होती. मास्तर दोनदा घरी आले. आबा, म्हणजे माझा बाप, म्हणाले, “एवढ्या लांब पोर कशी धाडू?” थोरला भाऊ त्याच रस्त्यानं रोज शाळेत जायचा. मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्याला जाताना बघायची. पुढे सतराव्या वर्षी याच आबांनी मला थेट इंदुराजवळच्या महूला दिली. तिथून नवऱ्याच्या नोकरीपायी इंदुरात आले ती इथलीच झाले.

पाठवणीच्या दिवशी गाडी हलली तरी आबा खिडकीचा गज सोडेनात. “पोचलीस की पत्र टाक,” एवढंच म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं. पत्र भाऊ वाचून दाखवायचा, आणि आबा म्हणे तेच तेच तीनदा वाचायला लावायचे. तुम्हाला वाटेल, पाठवणीला मी दुःखानं गप्प होते. मी रागानं गप्प होते. शाळा लांब, आणि महू जवळ!

हे साठ वर्षांत कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी माईक हातातच होता, तर बोलले. म्हटलं, “मला शिकायचं होतं. त्यांनी धाडलं नाही. मायाळू होते, हेही खोटं नाही.”

कोणी हसलं नाही. रश्मीनं हळूच विचारलं, “मग आजी, ओळ बदलायची का?”

“कशाला? संजू भिया, सूर दे.”

मी ती ओळ दोनदा म्हटली. पहिल्यांदा मराठीतल्या अर्थानं, दुसऱ्यांदा इंदूरच्या. शब्द तेच. रश्मी खालच्या आवाजात माझ्याबरोबर म्हणत होती.

जे माझ्यासारखे गाव सोडून आले, त्यांना हे ठाऊक असेल. गावात शिक्षा या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो आबांच्या बाजूचा होता. इथे दोन झाले. दुसरा माझा. जिथे माझा अर्थ कोणी ऐकून घेतला, त्याला मी घर म्हणते, मग तो प्लास्टिकच्या खुर्च्यांचा हॉल का असेना.

आबा गेले. मास्तर गेले. शाळेत जाणारा भाऊही गेला. मी आहे, चौथी पास.