कप वेगळा, सुई एकच

सोमवारी दहाच्या चहाला कॅन्टीनच्या शिंदेमामांनी माझ्यासमोर एक कप ठेवला. त्याच्या कानाला लाल ऑइलपेंट फासलेला. पुरता वाळलाही नव्हता, वास येत होता.

"हा तुमचा," मामा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "पर्सोनेलच्या साहेबांनी सांगितलंय. तुम्हाला ह्यातच द्यायचा. आणि धुवायचा पण तुम्हीच. बाहेरच्या नळावर."

टेबलावर आम्ही लॅबमधले सहा जण. पाच पांढरे कप, एक लाल कानाचा. एकाने पेपर उघडला. एकाने खुर्ची जराशी सरकवली, आवाज न करता. ती सरकताना मी पाहिली.

अंबरनाथच्या एस्टेटमधला केमिकलचा कारखाना. तिथे लाल रंगाचा अर्थ झाडूवाल्यालाही ठाऊक होता. ज्या ड्रमात, ज्या बाटलीत विष, तिला लाल पट्टा. हात लावू नका. लॅबमधले पट्टे मीच मारायचो. कपाला फासलेला रंग माझ्याच डब्यातला होता.

मी चहा प्यालो. नळावर गेलो. कप धुतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण असलं काही लिहायला बसलं की माणूस स्वतःला शूर करून घेतो. मी कामाचे अकरा दिवस तो कप धुतला.

झालं होतं ते असं. नव्वद सालानंतरची गोष्ट. मालकांच्या वडिलांच्या पुण्यतिथीला कारखान्यात रक्तदान असायचं. रक्त दिलं की स्टीलचा डबा मिळायचा. मी डब्यासाठी गेलो नव्हतो. आपल्या रक्ताची बाटली कोणाच्याही उशाला लागेल, तिला कोणी जात विचारणार नाही, असं डोक्यात होतं. ताठ मानेनं दिलं. महिन्याभराने रक्तपेढीचं पत्र आलं. नाव माझं, पत्ता कारखान्याचा. साहेबांनी ते फोडलं, वाचलं, मग मला बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. कावीळ बी म्हणतात ती. रक्तातच आहे तुमच्या." पत्र दोन बोटांत धरलेलं. "मोरिवलीला राहता ना? तिकडे पाण्याचं, संडासाचं कसं काय? नाही म्हणजे, तुमच्या लोकांत स्वच्छतेचं जरा..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तुमचा चहाचा कप आता वेगळा राहील, एवढं म्हणाले.

मोरिवलीतल्या आमच्या घरात आईने राखेने घासलेल्या ताटात तोंड दिसतं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. सकाळी उल्हासनगरचं कॉलेज, दुपारी पाळी, असं करून झालेला. आमच्या खानदानात पहिला. वस्तीतले म्हातारे अजून पोस्टाचे कागद माझ्याकडून वाचून घेतात. हे सगळं ओठापर्यंत आलं. आणि तोंडातून निघालं, "चालेल, साहेब." कारण तीन वर्षं मी टेम्पररी होतो आणि कायम केल्याचं पत्र त्यांच्या सहीसाठी पडून होतं. घरी बायको, दोन वर्षांची मुलगी.

दुसऱ्या दिवसापासून लॅबमधले माझ्या टेबलावरचं पेनही उचलेनात.

रविवारी जेवताना बाला सांगितलं. माझा बा ह्याच एस्टेटमध्ये पोती वाहून रिटायर झाला. देशावरचं गाव सोडून आला तो एका कपापायी. तिथे हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात आमच्या लोकांसाठी कान तुटलेला कप असायचा. हे बाने मला कधी सांगितलं नाही. आईने सांगितलं.

मी आधी आजाराचं सांगितलं, मग कपाचं. बाने आजाराचं काहीच विचारलं नाही.

"धुतं कोण?"

"मीच."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. चूळ भरली, ओट्यावर जाऊन बसला. माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलला, "मी बी धुवायचो. पर मला वाचता येत नव्हतं."

मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी अर्धी रजा टाकून उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. कपाचं सांगितलं तर त्यांनी पेनच खाली ठेवलं.

"कोणी सांगितलं हे तुम्हाला? कपाने नाही होत. ताटाने, पाण्याने, हात लावल्याने नाही होत. ही रक्तातून जाते. आईकडून बाळाला, नवरा-बायकोत, नाहीतर सुईने. लहानपणी इंजेक्शनं घेतलीत?"

"सगळ्यांनीच घेतलीत. ताप आला की सुई."

"सुई उकळायचे?"

मी आठवू लागलो. डॉक्टरीणबाई थांबल्या नाहीत. "तुमच्यात ती बहुतेक वर्षानुवर्षं असणार. जाईल असं समजू नका. दारूला हात लावू नका. दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. बायको-मुलीची तपासणी करा, लस द्या." कपाचं तेवढं केसपेपरवर लिहून द्या म्हणालो. दिलं.

परतताना बसमध्ये डोळ्यांसमोर एकच गोष्ट. आमच्या कारखान्यातला शनिवार.

शनिवारी दहाच्या चहानंतर फर्स्टएडच्या खोलीबाहेर रांग लागायची. ताकदीच्या सुईची. पाळी करून अंग मोडलेली माणसं. गोळी दिली तर म्हणायची, ह्याने काय होतंय, सुई मारा. नाना कंपाउंडरकडे काचेची एक सिरिंज, दोन सुया आणि गरम पाण्याची स्टीलची वाटी. एकाला टोचली की सुई वाटीत बुडवायची, झटकायची, पुढच्याला. दहाव्या माणसापर्यंत पाणी कोमट. पहिला नंबर साहेबांचा, मग आमचा. तीन वर्षं मी त्या रांगेत उभा राहिलो. माझ्या मागे कोण कोण असायचं, ते चेहरे एकेक आठवत गेले. दिवसभर बाटल्यांचे पट्टे तपासणारा मी केमिस्ट. ती वाटी मला कधी दिसली नाही.

शुक्रवारी स्टोअरमध्ये लच्छूदादांनी मला रॅकच्या मागे बोलावलं. लच्छूदादा स्टोअरकीपर, मालकांचे लांबचे नातेवाईक. जन्म सिंधमधला. सात वर्षांचे असताना आईचं बोट धरून उल्हासनगरच्या छावणीत आले, ते तिथलेच झाले.

"मेरा भी लेटर आया था," ते पुटपुटले. "वोही ब्लड कॅम्प का. साहब ने दरवाजा बंद किया, पानी पिलाया, बोला, दादा, किसी को बोलना नहीं."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. हातात पांढरा कप होता.

"बॅरक में हम बच्चों को लाइन में खड़ा करते थे. एक सुई, पूरी लाइन. ऊपर से लोग बोलते थे, ये रेफ्युजी लोग बीमारी लाए. आज तेरे को बोलते हैं."

"मग उद्या माझ्यासोबत चला ना, दादा. दोघं मिळून बोलू."

त्यांनी माझा हात धरला. "बेटी की मंगनी है, साईं. मेरा नाम मत लेना."

शनिवारी दहाला मामांनी लाल कानाचा कप ठेवला. मी तो टेबलावर पालथा घातला. लॅबमधून रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि फर्स्टएडच्या खोलीत गेलो. रांग होती. साहेब नुकतेच टोचून बाही खाली करत होते. मी नानांच्या हाताखालची वाटी ओढली, पाणी मोरीत ओतलं, आणि वाटीला बाहेरून लाल पट्टा मारला. जाड. गोल फिरवून.

"अरे, येडा झाला का तू?" नाना ओरडले.

"हा काय तमाशा?" साहेब.

"साहेब, आपलाच नियम आहे. धोका ज्या भांड्यात, लाल पट्टा त्या भांड्याला. कप चुकीचा रंगवलात." केसपेपर पुढे धरला. "वाचा. माझं पत्र फोडून वाचलंत, हेही वाचा."

त्यांनी तो घेतला नाही. "तुमच्या एकट्यापायी करावं लागलं हे सगळं. अख्ख्या कारखान्यात आहे का दुसऱ्या कोणाला? सांगा, आहे?"

रांगेच्या शेवटी लच्छूदादा उभे होते. बाही वर केलेली, मान खाली. एक नाव घ्यायचं होतं फक्त. साहेबांचं तोंड तिथेच बंद झालं असतं. आणि सोमवारी शिंदेमामांनी दुसरा कप रंगवला असता.

"मला आहे," मी म्हणालो. "आणि मी तीन वर्षं ह्याच सुईने टोचून घेतलंय. माझ्या मागे जे उभे होते त्यांनी आपापलं तपासून घ्या. आणि नवी सुई असल्याशिवाय दंड पुढे करू नका."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, "आयला, मग आज सुई नाही का?" रांग मोडली. दोघेतिघे माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीला चिकटून गेले.

मला मेमो मिळाला. कंपनीच्या वस्तूची नासधूस. कायम होण्याचं पत्र आणखी दीड वर्ष लांबलं. पुढच्या महिन्यात प्लास्टिकच्या, एकदाच वापरायच्या सुया आल्या. मालकांच्या औदार्याने, असं नोटीसबोर्डावर होतं. साहेब माफी मागतील असं मला वाटलंच नव्हतं. लच्छूदादा त्यानंतर माझ्याशी कमीच बोलायचे. मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र त्यांनी हातात दिली.

बायको-मुलीत काही निघालं नाही. लस दिली. माझ्यात आहे तसंच आहे. दर सहा महिन्यांनी तोच कागद, तोच शब्द. थकवा असतो. डॉक्टर म्हणतात, लिव्हरचा असेल. मला वाटतं, तेच तेच समजावून सांगण्याचा आहे. नव्या जागी, नव्या साहेबाला, नव्या पाहुण्याला, पुन्हा पहिल्यापासून.

तरी सांगतो. आजार लपवत नाही. सुई दिसली की पाकीट माझ्यासमोर फोडा म्हणतो. आणि चहा आला की आधी बघतो, सगळ्यांचे कप कुठे धुतले जातात. माझाही तिथेच धुतला जाईल. त्याच हातांनी, त्याच पाण्यात. नाहीतर चहा नको.

बाने धुतला तेवढा पुरे.