निरंक लिहिलेले तीन दिवस

पाणीपुरवठा कार्यालयात जिन्याखाली तक्रारीच्या फोनचं टेबल होतं. त्या टेबलामागे एकोणीस वर्षं एकच बाई बसल्या. सगळं कार्यालय त्यांना फोनमावशी म्हणायचं.

तक्रार लिहून घेण्याची मावशींची रीत वेगळी होती. माणूस बोलेल ते तसंच्या तसं आधी कच्च्या वहीत टिपायचं आणि दुपारी सावकाश मोठ्या नोंदवहीत उतरवायचं. 'पाणी दूषित' असं त्या कधी लिहीत नसत. 'चहा केला तर घोट घशाखाली उतरत नाही' असं लिहीत. शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कबाई त्यांच्या जुन्या मैत्रीण. त्या चिडवायच्या, "अगं, तक्रारवही आहे ही. कादंबरी कसली लिहितेस?"

मग जुन्या बाजारामागच्या गल्लीत एकदम अकरा माणसं काविळीनं दवाखान्यात गेली. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. तिच्यात एक वाक्य अवतरणात छापलं होतं: 'पाणी असं, की त्यात कपडे भिजवायलाही मन धजत नाही.' लोकांनी वारंवार कळवूनही कार्यालयानं कानाडोळा केला, असंही खाली होतं.

ते वाक्य मावशींनी दोनदा वाचलं. मंगळवारच्या पानावर त्यांनीच लिहिलेलं होतं ते, शब्दन् शब्द.

मोठ्या साहेबांनी लगोलग एक जनसंपर्क सल्लागार आणला. त्याच्या शर्टाला कधी चुणी पडत नसे, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव इस्त्री पडलं. त्यानं सगळ्यांना सभागृहात बसवलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "यापुढे कार्यालयाचा आवाज एकच, माझा. कुणी विचारलं तर 'चौकशी चालू आहे' एवढंच म्हणायचं. आणि वहीतलं बाहेर कुणी नेलं, ते मला कळेलच."

हे बोलताना तो मावशींकडे बघत होता. मग बाकीचेही बघायला लागले.

त्या दिवसापासून कार्यालयाची हवाच बदलली. मावशी पाणी प्यायला उठल्या की बोलणी थांबायची. शिपाई विनाकारण टेबलापाशी घुटमळायचा. मावशींनीही मनातल्या मनात एकेकाला पारखायला घेतलं. वहीपर्यंत कुणाचा हात पोचतो? शिपायाचा, साहेबांचा, हेडक्लार्कबाईंचा. तेवढ्यात इस्त्रीनं नोंदवही मागवली. "दोन दिवसांत परत देतो, मावशी. प्रत काढायचीय."

वही परत आली तेव्हा मावशींनी सवयीनं पानं चाळली. सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही दिवसांपुढे एकच शब्द होता: निरंक. म्हणजे एकही तक्रार नाही. हा सरकारी शब्द मावशींनी उभ्या जन्मात वापरला नव्हता. फोन वाजला नाही तर त्या 'आज शांतता' असं लिहीत. अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं काढलं होतं. वहीच्या पाठीला दोराही नवा होता, म्हणजे मूळ पानं काढून दुसरी शिवली होती.

कच्ची वही त्यांनी रोजच्यासारखी पिशवीत घातली आणि घरी नेली.

पण संशय एकदा अंगात शिरला की तो उंबऱ्याशी चपला काढून ठेवत नाही. सून शाळेत शिकवायची, आणि तिची एक मैत्रीण त्याच वर्तमानपत्रात होती. कच्ची वही रोज पिशवीतून घरी यायची, दाराजवळ टांगलेली असायची. मावशींनी सुनेची पर्स उघडून पाहिली. आत पेन, रुमाल आणि मुलांच्या चाचणीचे पेपर होते.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, पर्समधले पेपर उलटसुलट झालेत. काही हवं होतं का?"

"माझ्या वहीतलं तू कुणाला सांगितलंस का?" मावशींनी विचारलं.

सून म्हणाली, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं, की नाही म्हणून." आणि ती पेपर तपासायला आत गेली. ताट तिनं वाढलं, पण बोलली नाही.

शुक्रवारी पत्रकारांना बोलावलं होतं. इस्त्रीनं मावशींना आपल्या शेजारी बसवलं. "वही समोर ठेवायची. बोलायचं मी." मग त्यानं पत्रकारांना पान दाखवलं आणि सांगितलं, की त्या तीन दिवसांत कार्यालयाकडे एकही तक्रार आली नव्हती. आली असती तर तातडीनं पावलं उचलली असती.

पत्रकारांबरोबर आलेल्या एक बाई मागच्या रांगेतून उठल्या. दंडाला टाचण्या टोचलेली पट्टी तशीच होती. जुन्या बाजारामागच्या त्याच गल्लीत त्या शिवणकाम करायच्या. त्यांची सासू दवाखान्यात होती.

"मी तीनदा फोन केला होता," त्या म्हणाल्या. "कपडे भिजवायला मन धजत नाही, हे मीच म्हणाले. फोनवर म्हणाले आणि पेपरवाल्यांनाही म्हणाले."

मावशी बघतच राहिल्या. सगळं कार्यालय आठवडाभर फितूर शोधत होतं, त्या स्वतःही शोधत होत्या. ज्या बाईचं वाक्य, तिला स्वतःचं तोंड आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"फोनवर एक बाई होत्या," शिंपीणबाई पुढे म्हणाल्या. "आवाज ऐकला तर ओळखेन."

इस्त्री हलकेच म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलू नका."

मावशींनी घसा साफ केला. "मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागे मशीन चालू होतं. मी म्हटलं, जरा बंद करा, ऐकू येत नाही."

"ह्याच त्या," शिंपीणबाई म्हणाल्या.

मावशींनी पिशवीतून कच्ची वही काढली आणि पुढच्या पत्रकाराच्या हातात दिली. तीन दिवसांच्या सतरा तक्रारी होत्या तिच्यात.

पुढच्या दोन दिवसांत गल्ली खोदली. सांडपाण्याची नळी फुटून पिण्याच्या नळीत झिरपत होती. मोठ्या साहेबांना जाहीर माफी मागावी लागली. तिचा मसुदा इस्त्रीनं केला नाही, तो तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. अकराही माणसं हळूहळू घरी आली. मावशींची बदली मात्र भांडारात झाली, नळाच्या चकत्या मोजायला.

तिथंच महिन्याभरानं हेडक्लार्कबाई आल्या. बराच वेळ चकत्यांशी चाळा करत राहिल्या.

"माझं अक्षर तुझ्याइतकं कुणाला येतं?" मावशींनीच विषय काढला.

"साहेब म्हणाले, तुझ्यावर येणारं बालंट टळेल," हेडक्लार्कबाई म्हणाल्या. "मला खरं वाटलं."

मावशींना ते खरं वाटलं की नाही, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. दोघी अधूनमधून भेटत राहिल्या, पण आपला डबा मावशी भांडारातच खायच्या. सुनेपाशी मात्र त्या पत्रकार आले त्याच आठवड्यात गेल्या होत्या आणि सरळ म्हणाल्या, "पर्स मी उघडली होती. चुकलं माझं." सून म्हणाली, "माहितेय मला." आणि तिनं तपासायच्या गठ्ठ्यातले अर्धे पेपर मावशींपुढे सरकवले. "बेरजा तपासून द्या."