खिडकीखालची थोटकं

जळगावच्या कॉलेजात मी स्वच्छता मंडळाचा चिटणीस होतो. पोरं विड्या ओढून थोटकं व्हरांड्याच्या कडेला टाकत आणि बोलणी खात ते झाडलोट करणारे आबा. पारोळ्याकडचे, साठी उलटलेले. एकदा पाहुणे यायचे होते, तेव्हा प्रिन्सिपॉलांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. ते मला बघवलं नाही. आठवडाभर थोटकं वेचायची आणि सभेत सगळ्यांपुढे ठेवायची, असं मी मंडळात ठरवून घेतलं.

रोज सकाळी आबा आणि मी टोपली घेऊन आवारात फिरू लागलो. तिसऱ्या दिवशी ते मला प्राध्यापकांच्या खोलीमागे घेऊन गेले.

"हाई बठ्ठं पोरेस्नं नई शे, भाऊ. आठे देख."

सगळं पोरांचं नव्हतं, हे खरंच होतं. खिडकीखाली सिगारेटच्या थोटकांचा सडा होता. आम्हा पोरांत सिगारेट परवडणारं जवळजवळ कुणी नव्हतं.

शनिवारी मी टेबलावर दोन ढीग मांडले, विड्यांचा वेगळा आणि सिगारेटचा वेगळा. प्रिन्सिपॉलांनी दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, "ही कुठली?" मी जागा सांगितली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सभा तिथेच संपली.

प्रिन्सिपॉलांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. शिष्यवृत्तीसाठी माझ्या अर्जावर त्यांची शिफारस व्हायची होती. अर्ज टेबलावरच होता.

"खिडकीखाली वेचायचं तुमच्या डोक्यात कसं आलं?"

"आबांनी दाखवलं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते अजून डाचतं.

सोमवारी आबा आले नाहीत. कामचुकार म्हणून त्यांना काढल्याचं शिपायाने सांगितलं. फळ्यावर सूचना लागली, की विद्यार्थ्यांनी आवारात धूम्रपान करू नये. माझी शिफारस झाली. स्नेहसंमेलनात मंडळाच्या कामाचं कौतुक झालं आणि मी हार घालून घेतला.

सुट्टीत पारोळ्याला जाऊन मी त्यांचं घर शोधलं. त्यांनी खाट पुढे ओढली, पाणी दिलं. येताना वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं, पण तांब्या रिकामा होईपर्यंत मी नुसतं पाणीच पीत राहिलो. शेवटी तेच बोलले.

"आते कोन झाडस?"

"कुणी नाही, आबा. अजून नेमला नाही."

त्यांनी मान हलवली, माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि आत गेले. मी बराच वेळ थांबलो. ते बाहेर आले नाहीत.