रफूताईंची दुसरी चावी

जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात रफूताई एकट्या बसत. डावा पाय मुडपून अंगाखाली घ्यायचा, उजव्या गुडघ्यावर कपडा ताणायचा आणि फाटलेल्या जागी धाग्यात धागा गुंफत राहायचं, ही त्यांची बैठक. एकदा मांडली की चार-चार तास मोडायची नाही. पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. पाणी प्यायलं की उठावं लागणार, शौचालय इमारतीच्या पार टोकाला, तेवढ्यात दुकान कोण बघणार? समोर चावीवाला होता, पण त्याला सांगणं म्हणजे उपकार घेणं आलं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं बाईंनी कुणाचा उपकार म्हणून घेतला नव्हता. एवढा ताठा बरा नव्हे, पण हे त्यांना सांगणार कोण?

डावी पोटरी सुजली, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं अंगावर काढलं. रोज संध्याकाळी तेल लावून चोळलं. चौथ्या दिवशी पोटरी लाल, गरम आणि टम्म. पाय टेकवेना, तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात गेली.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालीय. तासन्‌तास पाय दुमडून बसता, वर पाणी नाही, वय साठीच्या पुढे. रक्त साकळेल नाही तर काय? आणि चोळताय कशाला? गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल."

"गेली, तर कळणार कसं?"

"अचानक दम लागेल, छातीत दुखेल. घरच्यांना सांगून ठेवा, लगेच इथे आणायचं. घरी कोण असतं?"

"मी आणि भिंतीवरचं घड्याळ."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या, तासातासाला उठून चालायला सांगितलं आणि सुई जपून वापरा म्हणाल्या.

घरी येऊन रफूताईंनी सवयीने दाराला कडी घातली आणि तिच्याकडेच बघत बसल्या. मरणाला त्या फारशा भीत नव्हत्या. आपण आत पडून राहू आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, याची मात्र त्यांना भीती वाटली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ती खोली नकोशी झाली. त्यांनी उठून कडी काढली. नुसतं लॅच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या लंगडत चावीवाल्यापुढे उभ्या राहिल्या.

"दादा, घराची आणखी एक चावी करून द्या."

त्याने चावी करून, कानस मारून पुढे केली. ताईंनी हात मागेच ठेवला.

"ती तुमच्याकडेच असू द्या. माझ्या पायात गाठ झालीय. कधी दहापर्यंत माझं दुकान उघडलं नाही, तर… घरी येऊन दार उघडाल?"

चावीवाल्याने चावी गिऱ्हाइकांच्या चाव्यांत टाकली नाही, आपल्या खिशात घातली.

"दहा कशाला? साडेनऊला उघडता तुम्ही. अकरा वर्षं बघतोय. पावणेदहाला येईन."